संकल्पातले गाव

कोणत्याही धर्मकृत्याच्या आरंभी संकल्प करावा लागतो. थोडक्यात सांगायचे तर कर्त्याने परमेश्वराला दिलेला तो आपला पूर्ण पत्ता असतो. फक्त तो लिफाफ्यावरच्या पत्त्याच्या उलट क्रमाने चालतो. प्रथम ब्रह्मदेवाच्या आयुष्याचे कोणते अर्ध चालू आहे ते सांगायचे. मग कल्प, मन्वंतर, युग. मग द्वीप, खंड, देश. मग कोणत्या नदीचे कोणते तीर. आणि सर्वांत शेवटी गाव. माझी मुलगी लहान असताना देवघराच्या दारात उभी राहून म्हणत असे, "बाबा, एवढं सांगितल्यावर देवाला घर सापडलं नाही, तर चूक देवाची!" मी पाठशाळेत शिकलेला आणि पुढे आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवलेला मनुष्य. तिच्या बोलण्याने मला राग येत नसे. फक्त आचमन पुन्हा करावे लागे, कारण पाणी पिताना हसू नये.

पुण्यात असेतोवर या पत्त्याचा विचार करण्याची वेळ माझ्यावर कधी आली नाही. ती आली रॉटरडॅमला, आणि आली तेव्हा विमाने बंद होती.

माझी पत्नी आदल्या वैशाखात गेली. आम्हांला ही एकच मुलगी, त्यामुळे उत्तरक्रिया मीच केली. हिवाळ्यात मुलगी आणि जावई मला आपल्याकडे घेऊन आले. दोघेही बंदराच्या मालवाहतुकीशी संबंधित संगणकाचे काम करतात. वर्षश्राद्धाला मी पुण्यात परत असेन, असे वचन घेऊनच मी विमानात पाय ठेवला होता. फाल्गुनात महामारी आली. मुलीने मला तिकीट रद्द झाल्याचे सांगितले तेव्हा मी पंचांग काढून बसलो होतो.

"बाबा, श्राद्ध इथेच करू. तुमचे विद्यार्थी गुरुजी व्हिडिओवर सांगतील. हल्ली सगळं जग तसंच करतंय."

करण्याला माझी हरकत नव्हती. माझी काळजी वेगळी होती आणि ती मी तिला सांगितली. तिची आई जन्मात कधी परदेशी आली नव्हती. मुलीने दहादा बोलावूनही, "तिथे कोथिंबीर पसाभर मिळत नाही म्हणे," एवढ्या कारणावर तिने येणे टाळले होते. तिथीच्या दिवशी ती येणार ती पुण्याच्या घरी, आणि त्या घराला कुलूप. तिला इकडे बोलवायचे तर संकल्पात ठिकाण अचूक सांगायला हवे. तिच्या पहिल्याच वर्षी पत्ता चुकला आणि ती उपाशी परत गेली, तर पुढच्या सगळ्या वर्षांचे मी काय सांगू?

मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. मग म्हणाली, "बरं. काय हवंय तुम्हाला?"

"गावाचे नाव."

"रॉटरडॅम."

"ते महानगर झाले. आपण बसलो आहोत ते गाव कोणते?"

"गाव नाहीये, बाबा. हा ओव्हरस्खी. रॉटरडॅमचा एक भाग. आपल्याकडे सदाशिव पेठ असते, तसा."

हे मला पटले नाही, आणि न पटण्याला आधार होता. आमच्या घरापासून जवळच एक जुना, अरुंद रस्ता आहे; दोन्ही बाजूंना बसकी विटांची घरे, मध्ये घुमटाचे चर्च. त्या रस्त्याच्या पाटीवरील शब्दाचा अर्थ मी जावयाला विचारला होता. त्याने माडीवरून, कानातले यंत्र न काढता सांगितले होते, "गावरस्ता." धूर दिसला म्हणजे डोंगरावर अग्नी आहे, हे अनुमान न्यायशास्त्राच्या पहिल्या धड्यात शिकवतात. रॉटरडॅमच्या पोटात गावरस्ता असेल, तर गावही असलेच पाहिजे. ते कोठे गेले, एवढाच प्रश्न होता.

आमच्या परसाच्या कुंपणापलीकडे एक वृद्ध गृहस्थ राहत. वयाने माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठे, उंच, ताठ, आणि हातात सदैव झाडे छाटण्याची कात्री. त्यांच्या इंग्रजीत डच मिसळलेले असे आणि माझ्या इंग्रजीत संस्कृत. तरी आमचे चांगले जमे, कारण दोघेही सावकाश बोलत होतो. दीड मीटरचे अंतर त्यांनी नाव काठाला ओढण्याचा एक जुना, लांब दांड्याचा आकडा कुंपणावर आडवा ठेवून कायमचे ठरवून टाकले होते. त्या दिवशी मी आकड्याच्या या टोकाला उभा राहून विचारले, "महाशय, हे ठिकाण पूर्वी गाव होते का?"

त्यांनी कात्री खाली ठेवली. माझ्याकडे निरखून पाहिले.

"तुम्हाला गेमेंटेनं पाठवलंय?"

गेमेंटे म्हणजे तिकडची नगरपालिका. मी म्हणालो, "नाही, मला माझ्या पत्नीला बोलवायचे आहे."

"ती तर वारली, असं तुमची मुलगी म्हणाली."

"म्हणूनच गावाचे नाव बरोबर हवे."

दुसऱ्या कोणाला हे बोलणे विक्षिप्त वाटले असते. ते गृहस्थ मात्र कुंपणाला दोन्ही हात टेकून उभे राहिले. "माझी इथेच आहे," ते म्हणाले, "गावच्या दफनभूमीत. तिला पत्ता सांगावा लागत नाही. थांबा, कोट घालून येतो."

कोट कशासाठी, हे मला नंतर कळले. गावाचा इतिहास ते घरच्या कपड्यांत सांगत नसत.

तो इतिहास असा. ओव्हरस्खी हे रॉटरडॅमची भरभराट होण्याच्या कितीतरी आधीपासूनचे खेडे. स्खी नदीकाठी वसलेले, स्वतःची नगरपालिका आणि स्वतःचा अभिमान असलेले. मग महायुद्धात, देश शत्रूच्या ताब्यात असताना, शेजारच्या शहराने ते आपल्यात घेऊन टाकले. आमचे हे शेजारी त्या वेळी लहान मूल होते.

"मी गावात जन्मलो," ते म्हणाले, "आणि शहरात मरणार. घर तेच. एक पाऊलही हललो नाही. शहर चालत आलं."

"आपल्याला कोणी विचारले नाही?"

"मला? मी बिछाना ओला करत होतो. पण माझ्या वडिलांनाही कुणी विचारलं नाही."

या अन्यायाचा निषेध ते त्या दिवसापासून करीत होते. बाजारात जायचे झाले तरी, "आज रॉटरडॅमला जातोय," असे परदेशी निघाल्यासारखे सांगत. पुढे मुलीकडून मला समजले की त्यांनी संपूर्ण आयुष्य रॉटरडॅममधल्याच एका विमा कचेरीत नोकरी केली होती. मी अदबीने तसे विचारले. ते म्हणाले, "पगार त्यांचा. रविवार गावाचा."

गाव सापडले. आता नदी. गंगेच्या किंवा गोदेच्या काठी राहणाऱ्याला ही अडचण कळणार नाही. मला उत्तर तीर की दक्षिण तीर एवढेच हवे होते. पण शेजाऱ्यांना ते कुंपणावरून सांगणे कमीपणाचे वाटले. ते मला पाहायला घेऊन निघाले. ते पुढे, मी मागे, मध्ये सरकारी अंतर. त्यामुळे सगळा इतिहास त्यांनी पाठमोरा आणि ओरडून सांगितला. वाटेत गावाला मधोमध चिरून जाणारा महामार्ग लागतो. एरवी तेथे स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही म्हणे. त्या दिवशी एखाददुसरी मोटार जात होती आणि पलीकडच्या विमानतळावर एकही विमान हलत नव्हते. शेजारी मधेच थांबले, टोपी काढली, आणि म्हणाले, "ऐका. शाळेत असताना असं होतं." मी ऐकले. एक बदक ओरडत होते.

नदीपाशी आलो तेव्हा मी चक्रावलो. वायव्येकडून डेल्फ्टहून एक प्रवाह येतो, आणि या गावाशी येऊन त्याचे तीन फाटे होतात.

"हे कसे झाले?"

"भांडणानं," शेजारी मोठ्या समाधानाने म्हणाले. "जुन्या काळी सगळा माल होड्यांतून जायचा. ज्याच्याकडून नदी जाईल त्याला जकात. म्हणून तीन शहरांनी आपापला कालवा खणला. एक रॉटरडॅमचा, एक स्खीडामचा, एक डेल्फ्टवाल्यांचा. आणि तिघांच्या होड्या आमच्या दारावरून. खानावळी आमच्या!"

मी त्यांना प्रयागाविषयी सांगितले. तीन नद्या एकत्र येतात, तेथे स्नान केले की पुण्य लागते, माणसे जन्मभर त्याची वाट पाहतात.

"म्हणजे तुमच्याकडे लग्न होतं, आमच्याकडे घटस्फोट," ते म्हणाले. "स्नान मात्र करू नका. पाणी फार थंड आहे."

माझा प्रश्न आता अधिकच बिकट झाला. तीन फाट्यांतल्या कोणत्या नदीचे तीर धरायचे? आणि तीर ठरवायला पाणी कोणीकडे वाहते ते तरी कळावे. मी एक वाळकी काडी पाण्यात टाकली. ती जरा पुढे गेली, वाऱ्याने मागे आली, आणि आमच्या समोर उभी राहिली. आम्ही दोघे वृद्ध तिच्याकडे एकटक पाहत होतो. एक सायकलवाली बाई उतरून विचारू लागली की कोणी बुडाले आहे का.

"पाणी कुठे जायचं ते पाण्याची कचेरी ठरवते," शेजाऱ्यांनी खुलासा केला. "पंप चालू केला की तिकडे. आपण उभे आहोत ते समुद्राच्या खाली आहे, माहीत आहे ना?" आणि समुद्र कोठे आहे हे दाखवण्यासाठी त्यांनी बोट आकाशाकडे केले.

हे ऐकून मला भरून आले. संकल्पात ज्या कल्पाचे नाव येते तो श्वेतवाराहकल्प. भगवंतांनी वराहरूप घेऊन पृथ्वी समुद्रातून दातांवर उचलली, त्याची ती आठवण. ही भूमी तर कालपरवा वर आलेली! मी त्यांना ती कथा सांगितली.

त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाले, "डुकरानं?"

"भगवंतांनी, वराहरूपात."

"इथे पवनचक्क्यांनी," ते ठामपणे म्हणाले. "त्या माझ्या आजोबांनी पाहिल्या होत्या. डुक्कर असतं तर आजोबा बोलले असते."

मी वाद वाढवला नाही. भगवंत कोणते रूप घेतील याला मर्यादा नाही, आणि वाऱ्यावर फिरणारे चार हात मला मुळीच अपरिचित वाटले नाहीत. शेवटी आम्ही असे ठरवले की फाटे फुटण्यापूर्वीची जी मूळ स्खी, तीच नदी मानावी. आणि आम्ही तिच्या उत्तरेला राहतो. शेजाऱ्यांनी हात पुढे केला, अंतर आठवून मागे घेतला आणि कोपर पुढे केले. करारावर कोपर लावण्याचा माझा तो पहिला प्रसंग.

त्या संध्याकाळी मी पुण्याला गुरुजींना फोन लावला. ते माझे जुने विद्यार्थी. शाळेत रूपे पाठ करताना डुलक्या घेत, पण आता त्यांचा हात धरील असा याज्ञिक विरळा. महामारीत तर एका खोलीत बसून ते पाच खंडांतल्या यजमानांची कृत्ये चालवत होते.

"सर, तुमचं मी तयार ठेवलंय. यूरोपखंडे, नेदरलँडदेशे, रॉटरडॅममहानगरे."

"ओव्हरस्खी ग्रामे, स्खीनद्याः उत्तरे तीरे," मी म्हणालो.

"सर, अमेरिकेला आम्ही क्रौंचद्वीप म्हणतो. दुबईला काय म्हणायचं यावर आमच्यात दोन तट आहेत. त्यात तुम्ही आता खेडी काढू नका. हे महानगर आहे की नाही?"

"आहे. पण गाव त्याच्या आधीचे आहे."

"सर, तुम्ही श्राद्ध करताय की माझी तोंडी परीक्षा घेताय?"

"दोन्ही," मी म्हणालो. त्यांनी हसून, "बघतो, बघतो," म्हटले. शाळेतही गृहपाठाविषयी विचारले की ते असेच म्हणत, म्हणून माझी काळजी मिटली नाही.

तिथीचा दिवस उजाडला. मुलीने आदल्या दिवशी सुरिनामहून आलेल्या भारतीय वंशाच्या माणसाच्या दुकानातून कारली आणि गवार मिळवली होती. खीर, वडे, आमसुलाची चटणी, तिच्या आईच्या हातचे सगळे तिने एकटीने केले, आणि मीठ चाखून पाहता येत नाही म्हणून स्वयंपाकभर चिडचिड केली. जावयाने रजा घेतली होती, तरी त्याच्या खिशातले यंत्र अधूनमधून गुरगुरत होते. दर्भ आणि काळे तीळ मी पुण्याहूनच आणलेले. परसाकडचे काचेचे दार उघडे ठेवून त्याच्यासमोर मी दक्षिणाभिमुख बसलो, जानवे उजव्या खांद्यावर घेतले. फोन तांदळाच्या डब्याला टेकवला होता. त्यात गुरुजींचे कपाळ आणि मागे त्यांचा पंखा दिसत होता.

कुंपणापलीकडे शेजारी उभे होते. काळा कोट, गळ्यात टाय, टोपी हातात. मी त्यांना बोलावले नव्हते. फक्त दिवस सांगितला होता. "गावात कुणाचं काही असलं की आम्ही उभे राहतो," असे ते मुलीला म्हणाले म्हणे.

गुरुजींनी आरंभ केला. ब्रह्मदेवाचा उत्तरार्ध झाला, वराह झाले, मनू झाले, कलियुग झाले. मी एकाग्र होतो, परंतु मन पुढे धावून गावाशी जाऊन उभे होते. आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने वेगात आलेल्या गुरुजींच्या मुखातून आले ते: "रॉटरडॅममहानगरे."

मी तोंड उघडण्याच्या आत कुंपणावरून आवाज आला.

"नेए!"

त्या संपूर्ण मंत्रात शेजाऱ्यांना कळलेला तो एकच शब्द होता, आणि तो त्यांच्या जन्माच्या वैऱ्याचा होता. "नेए! ओव्हरस्खी! ओव्हरस्खी!" म्हणत ते टोपी हालवू लागले.

फोनमधले कपाळ मागे सरले आणि प्रथमच गुरुजींचा पूर्ण चेहरा दिसला. "सर... कोणी हरकत घेतली का?"

"ग्रामस्थांनी," मी म्हणालो.

मुलीने पदर तोंडात कोंबला. जावई भिंतीकडे वळून उभा राहिला. त्याचे खांदे हालत होते. श्राद्धात हसू नये, हे मी दोघांना सांगणार होतो, पण आवाजाचा भरवसा वाटेना. तिची आई असती तर पहिल्यांदा तीच हसली असती, आणि नंतर मला म्हणाली असती की तुम्हीच काहीतरी केले असणार.

"सर, तीस वर्षं श्राद्धं सांगतोय," गुरुजी म्हणाले. "संकल्पावर हरकत कधी आली नव्हती. काय म्हणतायत ते?"

"ओव्हरस्खी ग्रामे."

"मान्य!" गुरुजी म्हणाले. "पहिल्यापासून घ्या." आणि पुन्हा ब्रह्मदेवापासून निघून, मन्वंतरे ओलांडून, या वेळी फार जपून, एकेक पाऊल टाकीत ते आले. "स्खीनद्याः उत्तरे तीरे..." येथे थांबून त्यांनी डोळे वर केले. काय चालले आहे ते ओळखून शेजाऱ्यांनी गंभीरपणे मान हालवली. "...ओव्हरस्खी ग्रामे." शेजाऱ्यांनी टोपी छातीशी धरली. मी पाणी सोडले. वर्षभर हातून निसटत राहिलेले काहीतरी त्या पाण्याबरोबर जागेवर पोचले, असे मला वाटले. त्यानंतर मी तिचे गोत्र आणि नाव उच्चारले, आणि आवाज कोठेही अडला नाही.

कृत्य संपल्यावर प्रश्न राहिला तो भोजनाचा. श्राद्धाचे अन्न पितरांच्या निमित्ताने कोणाला तरी आदराने वाढायचे असते, आणि बाहेरच्या माणसाला घरात घेणे तर सरकारने बंद केलेले. मुलीने माझ्याकडे पाहिले. मी कुंपणाकडे पाहिले. तिने ताट वाढले, आकड्याच्या मध्यापाशी कुंपणाच्या रुंद फळीवर ठेवले, आणि आम्ही मागे सरलो. शेजाऱ्यांनी ते आपल्या बागेतल्या टेबलावर नेले, टाय खमिसात खोचला, आणि जेवायला बसले. मी आमच्या बाजूला खुर्ची घेऊन, जेवणाऱ्याला एकटे वाटू नये म्हणून, समोर बसलो. कारल्याचा घास घेताच त्यांच्या डोळ्यांत पाणी आले, परंतु त्यांनी तो गिळला. वड्यांपाशी ते स्थिरावले.

दुसरा वडा संपल्यावर त्यांनी विचारले, "तुमच्या पत्नीचं गाव कोणतं?"

"बाणेर. पुण्याजवळ. तिचे वडील तेथे शाळेत शिक्षक होते. शेते होती, टेकडी होती. आमच्या लग्नाच्या वेळी मी बैलगाडीतून गेलो होतो."

"आता?"

"आता ते पुण्यातच आले. मोठमोठ्या इमारती झाल्या आहेत."

त्यांनी चमचा खाली ठेवला. माझ्याकडे त्यांनी इतक्या सहानुभूतीने पाहिले की मला संकोच वाटला.

"युद्धात?" त्यांनी हळूच विचारले.

"नाही," मी म्हणालो, "शांततेच्या काळात."



"हे तर आमच्याहून वाईट," असे म्हणून त्यांनी मान हालवली आणि तिसरा वडा घेतला.